राहेलबाईची खाच

प्रवरेच्या काठी सोनखडी गावात ख्रिस्ती मंडळीचं जुनं दगडी देऊळ आहे. आत शिरलं की पाहुणा आधी अडखळतो, कारण दारापासून वेदीपर्यंत मधोमध कंबरेएवढी भिंत उभी आहे. भिंतीच्या मध्यावर एक खाच आहे, एक माणूस ऐसपैस बसेल एवढी. काम अर्धवट राहिलं का, असं पाहुणे विचारतात. मंडळीतले वडीलधारे हसतात आणि त्यांना सतरंजीवर बसवून सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, या देवळात भजनावरून जुंपली. म्हातारे खाली बसून टाळ-मृदंगावर सावकाश भजन म्हणायचे. मिशनच्या शाळेत शिकून आलेली पोरं उभी राहून पेटीवर झपझप गायची. एका नाताळात दोघांनी एकाच वेळी दोन भजनं सुरू केली आणि कुणीच थांबेना. देवाला कुठलं ऐकू गेलं, त्यालाच ठाऊक. शेवटी पंचांनी ठरवलं की मधे भिंत घालायची, इकडे म्हातारे, तिकडे तरणे. पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, ती छतापर्यंत न्यायची होती.

म्हाताऱ्यांचे पुढारी याकोबदादा आणि पोरांचा म्होरक्या शांतवन हे बापलेक. भिंतीचा पहिला थर पडला तसं घरातही बोलणं तुटलं. याकोबदादांची बायको राहेलबाई दोघांना वेगवेगळी भाकरी वाढू लागली. बाई मोजकं बोलणारी, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा ती पंचांपुढे उभी राहिली. "म्या कुठल्या बाजूला बसू? इकडं माझा मालक, तिकडं माझं लेकरू. दोघांनी मिळून सांगा."

एवढं बोलून राहेलबाई भिंतीवरच बसली. बापलेक एका तोंडानं सांगेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असा तिनं पण केला.

"बाई, उठा, चुना वाळतुया," गवंडी म्हणाला.

"तुझं काम तू कर. म्या न्हाई उठायची."

पंच हट्टाला पेटले होते. त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंनी दगड चढवायला लावले, म्हणजे कंटाळून उठेल. भिंत कंबरेला आली, बाई हलली नाही. बाहेर ऊन भाजत होतं, आत दगड तापले होते. तिला भीती मरणाची नव्हती. आपण उठलो तर हे दोघे एकमेकांचं तोंड पुन्हा पाहणार नाहीत, याची होती.

दुसऱ्या दुपारी तिचा तोल गेला. याकोबदादा तांब्या घेऊन एका बाजूनं धावले, शांतवन दुसऱ्या बाजूनं. तिनं ओठ घट्ट मिटले. मग कसंबसं म्हणाली, "एकाचं प्याले तर दुसऱ्याच्या नि माझ्या मधी भिंत पुरी झाली."

शांतवननं बापाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. मग हात लांब करून त्यानं आपलं पाणी बापाच्या तांब्यात ओतलं. तांब्या काठोकाठ भरला, म्हणून त्यानं खालून आधार दिला. दादा रडवेल्या आवाजात म्हणाले, "तू बसशील तिथंच आम्ही दोघं बसू." शांतवननंही तेच म्हटलं. तेव्हा ती पाणी प्याली.

लगेच तिनं भजन म्हणायला लावलं. एकमेकांना जुळवून घेण्याच्या नादात टाळ पुढे पळाले, पेटी मागे राहिली. ते ऐकून दारातली कुत्रीसुद्धा उठून गेली, असं सांगतात. पण भजन एकच होतं.

पंच भिंत पाडायला निघाले तर राहेलबाईनंच अडवलं. "ऱ्हाऊ द्या. पाडली तर इसराल."

आजही त्या खाचेत कुणी एकटं बसत नाही. दर रविवारी एक म्हातारं आणि एक तरणं माणूस तिथं दाटीनं बसतं, एकच तांब्या दोघं धरून पाणी पितात, मग भजन उठतं. आणि एखाद्या रविवारी तरण्यांपैकी कुणी आलंच नाही, तर उपासना चालवणारे पाळकसाहेबही पहिला शब्द काढत नाहीत. म्हातारे काठ्या उचलतात, भरलेला तांब्या घेतात आणि घरोघर जाऊन दारं ठोठावतात.