वादी क्रमांक एक्केचाळीस

एकदा एका वृद्ध गुरुजींनी आपल्या सर्वांत लाडक्या शिष्येवर कोर्टात दावा लावला. गुरूने कान पिळावा, उठाबशा काढायला लावाव्यात, हे आपल्या परिचयाचे आहे. पण दावा? ऐका तर खरे.

शिष्येचे नाव हेमांगी. कराडच्या प्राथमिक शाळेत ती या गुरुजींच्या हाताखाली शिकली आणि पुढे पुण्यात तिने इंटरनेटवर चालणारी एक कंपनी काढली. ज्याला माल पाठवायचा असेल त्याने मोबाइलवर मागणी नोंदवायची, की जवळचा रिकामा ट्रक दाराशी हजर. कंपनी वाढली, तिचे शेअर विक्रीला निघाले, लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. गुरुजींनीही कौतुकाने पेन्शनमधून दोनशे घेतले. पण वर्षभरात भाव निम्म्याहून खाली आला, आणि ‘विकताना आम्हाला खरे सांगितले नाही’ असे म्हणत एक्केचाळीस भागधारकांनी कंपनीवर दावा दाखल केला. यादीतले शेवटचे नाव गुरुजींचे होते. त्याहून नवल म्हणजे, भाव तळाला गेला त्याच आठवड्यात गुरुजींनी आणखी शंभर शेअर विकत घेतले होते.

दोन महिन्यांनी या दाव्यासाठी संचालकांची बैठक ठरली. चूक कबूल न करता, गुपचूप तडजोड करून मोकळे व्हा, असा वकिलांचा सल्ला होता. हेमांगीने तो मोडला असता तर तिने स्वतः उभारलेली कंपनी तिच्या हातून जाण्याचा संभव होता. वादींशी एक शब्दही बोलायचा नाही, अशीही ताकीद होती. तरी बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळीच तिने गाडी काढली आणि थेट कराड गाठले.

गुरुजी ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. “ये,” ते म्हणाले, “चहा घेशील ना? की वकिलांनी तोही बंद केलाय?”

“थट्टा नको, गुरुजी,” हेमांगी म्हणाली. “दावा आल्यापासून ऑफिसात कुणी वाईट बातमी लिहून कळवत नाही. उद्या ती कोर्टात वाचली जाईल, ही भीती. नाशिकचे साठ ट्रकमालक आम्हाला सोडून गेले, ते मला तीन आठवड्यांनी कळलं. चांगली माणसं निघून चाललीत. तुमच्या दाव्यानं माझी कंपनी मुकी झालीय.”

“मुकी ती आधीच झाली होती, बाळ.” गुरुजी आत गेले आणि कंपनीचे माहितीपत्रक घेऊन आले. शेअर विकताना छापलेले, चारशे बारा पानांचे ते बाड या सद्गृहस्थांनी भिंग लावून अक्षरन् अक्षर वाचले होते. महाराष्ट्रात असे दुसरे कुणी असेल, असे मला तरी वाटत नाही. त्यांनी तीनशे अठरावे पान उघडले.

“इथे संभाव्य धोके दिलेत. भूकंप, महापूर, युद्ध. आणि त्यांच्या गर्दीत सदतिसावा धोका असा, की तुमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, तो सिमेंट कारखाना, कदाचित काम काढून घेईल. कारखान्याने काम काढून घेतल्याचं पुढे पेपरात आलं, तेव्हा मी तारखा ताडून पाहिल्या. तसं पत्र तुला कधी आलं होतं?”

हेमांगीने मान खाली घातली. “विक्रीच्या बारा दिवस आधी. पण वकील म्हणाले, उल्लेख केलाय ना, मग झालं.”

“उल्लेख आहे. ‘कदाचित’ म्हणून, भूकंपाच्या शेजारी आहे,” गुरुजी म्हणाले. “मी तुला दोन पत्रं धाडली. दोन्हींना एकच छापील उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मग मी दाव्यावर सही केली.”

“आणि भाव पडल्यावर आणखी शेअर का घेतलेत?”

गुरुजींनी माहितीपत्रक मिटले. “बाकीच्या चाळीस जणांचं मला ठाऊक नाही. माझ्यापुरतं सांगतो. ज्यांचा तुझ्यावरचा विश्वास उडाला, ते शेअर विकून केव्हाच चालते झाले. मला अजून तुझ्याकडून उत्तर हवंय. तू वकिलांचं ऐकून लोकांशी खरं बोलणं सोडलंस, म्हणून तुझ्या माणसांनी तुझ्याशी बोलणं सोडलं. आज दडवलंस तेच उद्या दुसरा दावा होऊन दारात उभं राहील. दावा त्या तीनशे अठराव्या पानावर आहे, हेमा. शेअर तुझ्या भरवशावर घेतलेत. तू हे निस्तरशील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.”

हेमांगीला रडू कोसळले. इतक्या मायेने तिला आजवर कुणी दोषी ठरवले नव्हते. डोळे पुसून तिने कागद मागितला आणि तिथेच सर्व भागधारकांना पत्र लिहिले. गुरुजींनी ते वाचले आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवले.

“हे ‘दुर्दैवाने’ काढ. कारखान्याचं पत्र आलं, ते तू वाचलंस आणि सांगितलं नाहीस. यात दैवाने काय केलं?”

तिने तो शब्द खोडला. “उद्या बैठकीत हेच वाचते. मग काय व्हायचं ते होवो. आता तरी दावा मागे घ्याल?”

“छे. दावा चालेल. तू कोर्टात उत्तर दे, मी समोर बसून ऐकतो. तारखेच्या दिवशी बाहेरचं काही खाऊ नकोस, मी दोघांचा डबा आणीन.”

हेमांगीने पत्राची घडी घातली. “चालेल,” ती म्हणाली, “पण कारल्याची भाजी आणू नका.”