उपदेश नसलेला रविवार

मोबाईल आत ठेवा आधी. विहिरीत वाकून फोटो काढताना मागे एकाचा चष्मा पडला, तो अजून आतच आहे. ही बिशपची विहीर. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारातल्या विहिरीला बिशपचं नाव का, ते ऐकायचं असेल तर बसा, आणि मधे बोलू नका.

आमच्या चिंचपाडळीत फार पूर्वी विदरबी नावाचे इंग्रज बिशप होते म्हणे. अँग्लिकन मंडळीतले मोठे पंडित. देव कसा आहे यावर उशीएवढी जाड पुस्तकं लिहिलेली. त्यात मराठीही शिकले, तिथेच आमचं नशीब फुटलं. ते उपदेशाला उभे राहिले की घरी चुलीवरची डाळ करपायची, तरी यांचं 'शेवटी एवढंच सांगतो' चालूच.

मग दुष्काळ पडला. ही विहीर खणायला घेतली तर खडक लागला. माणसं गाव सोडायच्या बेतात. आणि बिशपांनी काय करावं? मागितल्याबरोबर देव पाऊस का देत नाही, यावर उपदेश सुरू केला. असे सांगतात की सगुणा नावाची म्हातारी भर उपासनेत उठली. तिची लहानगी नात नुकतीच पाण्यावाचून गेली होती. ती म्हणाली, "साहेब, पुरे करा. आमचं सगळं गेलं. तुम्ही काय सोडलंत?"

बिशप थांबले. म्हणाले, "पाणी लागेपर्यंत मी बोलणार नाही." झगा उतरवला आणि पहार घेऊन विहिरीत उतरले.

लोकांना वाटलं, चार दिवसांचं सोंग. पण महिने गेले, तोंड उघडलं नाही. तशात कलकत्त्याहून बोलावणं आलं. जन्मभर वाट पाहिलेलं मोठं पद मिळणार होतं, फक्त तिथे जाऊन उपदेश करायचा होता. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा पहार उचलली. पद दुसऱ्याला गेलं.

शेवटी पाणी लागलं. आता हा माणूस साठलेलं सगळं बोलणार, म्हणून लोक मांडी ठोकून बसले. बिशप चिखलाने माखलेले वर आले. तांब्या भरून सगुणेला दिला. "आई, आधी तुम्ही."

ती प्यायली नाही. त्या बाभळीखालच्या नातीच्या कबरीवर तिने अर्धा तांब्या ओतला, मग उरलेलं प्यायली. बिशप शेजारी नुसते उभे राहिले म्हणे. एवढी पुस्तकं लिहिलेला माणूस, एक शब्द बोलला नाही.

आजही पावसाआधीच्या रविवारी आमच्याकडे उपदेश नसतो. पाळक, म्हणजे आमचा पाद्री, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला तांब्या देतो, आणि ती अर्धा त्या कबरीवर ओतते. सध्या ती मी. आणि हा नवा पाळक दर वर्षी डोकं खातो, "रूथआजी, कबरीपाशी दोनच शब्द बोलू का?"

मी त्याला सांगते, बाळा, बोलायला येणारे पुष्कळ झाले. तू माझ्याजवळ उभा राहा.