ढोलीत अडकलेलं पान

नद्यांना पूल ठाऊक नव्हते, तेव्हाची गोष्ट. पलीकडे जायचं तर कासवाच्या पाठीवर बसून जावं लागे, आणि तिकीट म्हणून पळसाचं पान दाखवावं लागे. काठावरच्या पोकळ उंबराच्या ढोलीत चिंचोका टाकला की खालच्या भोकातून पान यायचं. म्हणजे, उंबराच्या मनात असलं तर.

त्या दुपारी चिचुंद्रीने चिंचोका टाकला. पान आलं नाही. नदीचं पाणी चढत होतं आणि तिची पिल्लं पलीकडच्या बिळात होती. तिने आणखी एक टाकला, खोडावर थापा मारल्या. उंबर नुसता घरघरला.

मागच्या रांगेतून ससा म्हणाला, "मावशी, जरा तिरका टाकून बघा. काल माझं तसंच आलं."

तिरका टाकलेलाही गिळला गेला. ती धावत कासवाकडे गेली.

"कासवभाऊ, चिंचोके टाकलेत हो मी. पान आत अडकलंय."

"मग टाकल्याचं पान दाखवा."

"अहो, तेच तर येत नाहीये. पिल्लं आहेत माझी तिकडे."

"पानाशिवाय कसं मानू?" कासव म्हणालं आणि वेळ झाली म्हणून रिकाम्या पाठीनेच निघालं.

ते मधोमध पोचलं तोच उंबराने भडाभडा तीन पानं ओकली. चिचुंद्री ती उंचावून ओरडत राहिली. पाणी बिळाच्या तोंडाशी आलं होतं.

पैलतीरावर बगळेसाहेबांनी विचारलं, "काय, कशी झाली फेरी?"

"उत्तम, साहेब," कासव म्हणालं. "विनातिकीट एकही नाही."