पटावरचं शेवटचं नाव

मुलांअभावी बंद पडलेल्या शाळेत गावच्या बायकांनी गोधड्या शिवायचं ठरवलं. मशिनी लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सरपंच दौलतराव धुमाळ आजोबांचं दानपत्र नाचवत आले. गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर त्यांच्या नावापुढे बी.ए. असे.

"पटावर एकही विद्यार्थी उरला नाही, तर जागा आमच्या घराण्याला परत, असं लिहिलंय यात. उचला मशिनी! इथं माझा लॉज होणार."

निवृत्त मास्तरीण वेणूबाईंनी कपाटातून जुना पट काढला.

"उरलाय की एक. चौथी नापास होऊन पळाला. दाखला न्यायला आलाच नाही, म्हणून नाव कमी झालं नाही."

"कोण ते गाढव?"

"दौलत भिवाजी धुमाळ."

गोधड्यांआड खसखस पिकली.

"दाखला आत्ता लिहून देते, मग जागा तुमची. फक्त त्यावर 'चौथी नापास' लिहावं लागेल."

दौलतरावांनी दानपत्र घडी करून खिशात घातलं. "राहू द्या नाव," असं पुटपुटत ते दाराकडे वळले.

"दौलत!" वेणूबाई कडाडल्या. "वर्गातून जाताना विचारायचं असतं."

सरपंचांची करंगळी आपोआप वर झाली.