दोरीने बांधलेला लोलक

फार पूर्वी एका नगरात एक ओतशाळा होती. नगराला तट होता की नव्हता, राजा थोरला होता की धाकटा, हे आता खात्रीने सांगवत नाही. गोष्ट ऐकून फार दिवस झाले, आणि आठवण स्वतःच्या पदरचे काय काय घालते याचा भरवसा नसतो. गोष्टीत एक दोरी येते. ती खरी की मागाहून कोणी जोडलेली, ही शंका तर फार वर्षे होती. पण ओतशाळा होती आणि तिथे देवळांच्या घंटा ओतल्या जात, एवढे नक्की.

ओतशाळेच्या मालकाला सगळे धनी म्हणत. माणूस वाईट नव्हता. कारागिरांत सर्वांत जुना एक म्हातारा ओतारी होता, त्याला सगळे तात्या म्हणत. कोणती मूस किती तापली हे तो ज्वाळेच्या रंगावरून सांगे, आणि सांगून झाल्यावर पुन्हा एकदा पाहून घेई.

तिथे एक जुनी रीत होती. घंटा ओतून निवली, घासून लख्ख झाली, तरी ती मुकीच राही. तिच्या पोटात लोंबून टोला देणारा लोलक तात्याच्या घरी कापडात गुंडाळलेला असे. धनी आपल्या पेटीतून साऱ्यांची मजुरी चुकती करी. मग तात्या लोलक आणी, घंटेच्या कडीत अडकवी आणि हातोडीने कडी मिटवी. कडी मिटली की घंटा धन्याची. तोवर ती राबणाऱ्यांची. हे कुठे लिहिलेले नव्हते, पण धन्याच्या आजापासून कोणी मोडलेही नव्हते.

एका वर्षी डोंगरावरच्या देवळासाठी मोठी घंटा करायची ठरली. धन्याने सावकारांकडून कर्ज काढून तांबे मागवले. ते घेऊन येणारा तांडा वाटेत लुटला गेला. धन्याने पुन्हा कर्ज काढले, पुन्हा तांबे आणले. पेटी रिकामी झाली आणि पावसाळ्यापासून मजुरी थकली. घंटा होऊ द्या, सगळे एकदम देतो, असे तो म्हणे. कारागीर ऐकून घेत. लोलक तात्याच्या घरी आहे ना, मग झाले.

भाता ओढायला एक विधवा बाई होती. घरात दोन लेकरे. दाणे उधार घेताना तिने आपले जाते वाण्याकडे गहाण टाकले होते. सासूच्या सासूपासूनचे जाते ते. शेजारणीच्या दारी दळण घेऊन उभे राहण्याची तिला फार लाज वाटे. मजुरी मिळाली की पहिल्यांदा तुझे जाते सोडवू, असे तात्याने तिला सांगून ठेवले होते.

घंटा तयार झाली. देवळाचे पंच दुसऱ्या दिवशी नाद ऐकायला येणार होते. आदल्या दिवशी धनी स्वतः तात्याच्या दारी आला. घोंगडी अंथरली तरी बसला नाही.

"तात्या, उद्या लोलक लावा. घंटा वाजली नाही तर पंच पैसे देणार नाहीत. आणि त्यांनी दिले नाहीत तर मी तुम्हाला कुठून देऊ?"

म्हणणे खोटे नव्हते. भातेवाली तिथेच लोलक चिंचेने घाशीत होती. तिने मान वर केली.

"मग पंचांनाच सांगा ना, धनी. आधी आमची मजुरी चटईवर मांडा म्हणावं, मग नाद ऐका."

धन्याचा चेहरा उतरला. "गावासमोर माझी अब्रू काढता, बाई? पैसे आले की पहिले तुमचे, मग सावकारांचे. आईची शपथ."

तात्याला मोठी भीड पडली. तो विषमज्वराने पडला होता तेव्हा या धन्याच्या बापाने त्याच्या घरी महिनाभर पेज पोचवली होती. शब्द मोडवेना आणि रीतही मोडवेना. मग त्याने एक मधली वाट काढली. लोलक लावायचा, पण कडी मिटवायची नाही. दोरीने बांधायचा. दोरी आहे तोवर घंटा आपलीच. संध्याकाळी मजुरी आली की दोरी सोडायची आणि कडी मिटवायची.

धनी गेल्यावर भातेवाली म्हणाली, "तात्या, घंटेला काय कळतंय, कडी आहे का दोरी? ती वाजणारच."

"शपथ घेतली त्यानं."

"भीड भिकेची बहीण, तात्या. माझं जातं बसलंय वाण्याच्या ओसरीत, तुमची भीड बघत."

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. नाद असा भरून आला की क्षणभर साऱ्यांना थकलेल्या मजुरीचा विसर पडला. तात्याने डोळे पुसले. पंचांनी माना डोलावल्या आणि चटईवर पैशांची थैली ठेवली. धन्याने हात पुढे केला, पण त्याच्या आधी सावकार पोचले. ते सकाळपासून बाहेर लिंबाच्या सावलीत कोतवालाची माणसे घेऊन बसले होते. थैली तिकडे गेली, घंटा गाडीत चढून डोंगरावर गेली, ओतशाळेला कुलूप लागले. धनी भट्टीच्या कट्ट्यावर बसून होता. त्याने मान वर केली नाही. शपथ खोटी घेतली नव्हती त्याने. पण थैलीपर्यंत त्याचा हातच पोचला नव्हता.

कारागीर न्यायाधीशाकडे गेले. तो मोठा विद्वान होता. त्याने सगळे ऐकले, ग्रंथ चाळले, पुन्हा चाळले.

"घंटा तुमच्या हाती मुकी होती, तोवर तुमचा हक्क सर्वांच्या आधी होता. तुम्ही ती वाजवून दिलीत."

"कडी मिटवली नाही महाराज. दोरी आहे अजून."

"कायदा गाठ पाहत नाही, तात्या. नाद ऐकतो."

सावकारांची कर्जखते फिटून जे उरले, ते कारागिरांचे ठरले. उरली होती राख, फुटक्या मुशी आणि मातीचे साचे.

तात्याने जाताना एकच विचारले. "महाराज, सावकारांनी पैसा दिला तो बुडेल ही भीती धरून, आणि त्या भीतीचं व्याज लावलं. आम्ही दिवस दिले. आमच्या भीतीचं व्याज कोणी दिलं?"

न्यायाधीशाने ग्रंथ मिटला. मग हळूच म्हणाला, "ग्रंथात आहे तेवढंच मला वाचता येतं."

भातेवाली वाण्याच्या ओसरीत गेली. जात्याचा खुंटा धरून तिने ते एकदा रिकामेच फिरवले, आणि लेकरांना घेऊन नगर सोडले. मग एकेक करून सगळेच पांगले. तात्या तेवढा राहिला. रोज संध्याकाळी डोंगरावरून घंटा वाजे. तात्या हातातला घास खाली ठेवी आणि नाद विरेपर्यंत तसाच बसे. एक दिवस घंटा वाजली, विरली, आणि तात्याने घास उचलला नाही.

ती घंटा न्यायाधीशाच्या घरीही ऐकू येई. शेवटी तो राजाकडे गेला आणि ग्रंथात नव्हते ते लिहायला लावून आला. कारखाना बुडाला तर विक्रीतून आधी मजुरी द्यावी, मग सावकार. आणि चांगल्या दिवसांत प्रत्येक धन्याने थोडा वाटा सरकारी कोठीत ठेवावा, म्हणजे विकायला काही उरले नाही तरी मजूर रिकाम्या हाताने जाणार नाही. सावकार कुरकुरले, पण कर्जे देत राहिले. मागच्या मजुरीला मात्र तो हुकूम लागू नव्हता. न्यायाधीशाने पदरचे पैसे भरून जाते सोडवले आणि बैलगाडीत घालून बाईच्या शोधात माणूस पाठवला. गाडी गावोगाव हिंडली आणि जात्यासकट परत आली.

तात्पर्य: मजुरी मालकाच्या शब्दावर आणि मजुराच्या भिडेवर सोडू नये. मालक बुडाला तरी ती तरेल, अशी सोय तो तरता असतानाच करून ठेवावी.

आणि ती दोरी. पुष्कळ वर्षांनी डोंगर चढून, त्या घंटेखाली उभे राहून पाहिले, तेव्हा खात्री झाली. लोलक अजून दोरीनेच बांधलेला आहे. झिजली की पुजारी नवी बांधतो. कडी उघडीच आहे. ती ओताऱ्याने मिटवायची असते, आणि त्या नगरात आता ओतारी नाही.