उद्या या

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. शत्रूला खिंडीत एकट्याने अडवताना मेलेला एक वीर हे त्या गावाचं मोठं भूषण. वेशीवर त्याच्या आठवणीसाठी ढाल-तलवार कोरलेला दगड उभा होता. दरवर्षी स्मरणदिनी तिथे ढोल वाजत, हार पडत, आणि गाव घसा फोडून ओरडे, "विसरणार नाही!" दुसऱ्या दिवसापासून त्याच दगडाला शेळ्या अंग घासत.

वीराची म्हातारी बायको गावातच राहायची. त्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवत. एरवी तिची चूल पेटली की नाही, हेही कुणी बघत नसे.

गावची रीत अशी, की बायकोने नवऱ्याचं नाव सहज घ्यायचं नाही. कुणी आग्रह केला, तरच उखाण्यात घ्यायचं. पण विधवेला आग्रह कोण करणार? लग्नकार्यात तिची पाळी आली, की बायका पुढच्या बाईकडे वळत. ते नाव वर्षानुवर्षं तिच्या ओठांतच राहिलं, आणि तेच तिचं मोठं दुःख होतं.

एका वर्षी स्मरणदिनाला खुद्द राजा यायचा होता. दगडावर वीराचं नाव कोरायचं ठरलं, पण नाव कुणालाच आठवेना. जयजयकाराला त्याची कधी गरजच पडली नव्हती. पाटील धावतपळत म्हातारीकडे आला.

"आजी, मालकांचं नाव घ्या पटकन. पाथरवट खोळंबलाय."

म्हातारीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी कुणीतरी "नाव घ्या" म्हणालं होतं. पण पाटील उंबऱ्याबाहेरच उभा होता आणि त्याचे कान ढोलांकडे होते.

"घेईन की," ती म्हणाली. "पण असं उभ्याउभ्या नको. ते कसे होते, कशाला हसायचे, तेही सांगायचंय. उद्या या निवांत."

"उद्या येऊन काय करू? दिवस आज आहे."

"माझ्या घरात ते रोजच नसतात, पाटील. उद्या या."

पाटील चरफडत गेला. पाथरवटाने नुसतं 'शूर वीर' कोरलं. राजाने हार घातला, डोळे पुसले. कुणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने अंगण सारवलं, घोंगडी अंथरली, गूळ-पाणी काढून ठेवलं. ऊन अंगणातून परसात गेलं, तरी कुणी आलं नाही.

मग ती वेशीवर गेली. सुकलेले हार बाजूला केले, शेळी हाकलली आणि दगडाशी बसून स्वतःच स्वतःला म्हणाली, "घ्या नाव." आणि लाजत, उखाण्यात, तिने ते घेतलं.

पुढच्या स्मरणदिनी पहिल्या रांगेतली तिची जागा रिकामी होती. नाव सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. ढोल मात्र नेहमीसारखेच वाजले.

तात्पर्य: आठवण खरी असेल, तर ती दुसऱ्या दिवशीही दारात येते.