शेवटच्या पानात नवा शब्द नव्हता

"...एवढे शब्द शिकलो, बुवा, तरी इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. असं का?"

नरहरबुवा गुडघ्याला तेल चोळत होते. ते चोळतच राहिले.

सुकांत बंगालहून प्रवरेकाठच्या या मठात आला, तो चार भाषा खिशात घालूनच. मराठी पाचवी. बुवांनी त्याच्या हाती मुलांची एक कादंबरी ठेवली. जत्रेत चुकलेल्या मुलीची गोष्ट. आपल्यासारख्या पंडिताला हे बाळबोध पुस्तक? त्याला ते चांगलंच झोंबलं. पण पठ्ठ्या हटला नाही. खोलीत बसून त्याने त्यातला एकेक अवघड शब्द घोटून पाठ केला.

"भांबावणे?" बुवांनी विचारलं.

"गोंधळून काही न सुचणे."

"गलबलणे?"

"भावनावेगाने अंतःकरण व्याकूळ होणे."

"छान. मग त्या मुलीला घर सापडलं का?"

सुकांतने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"ते पाहिलं नाही. शेवटच्या पानात नवा शब्द नव्हता."

बुवांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "वाच."

तो वाचू लागला, जरा घुश्श्यातच. "काळोख पडला होता. दादा दारात उभा होता. तो रागावला नाही. म्हणाला, ये, तुझ्यासाठी थांबलोय. अजून कोणीच..."

पुढचं त्याला वाचता येईना. इथे आपली वाट पाहणारं कोणी नाही, हे त्याला आल्या दिवसापासून ठाऊक होतं. आज ते सोसवेना. डोळे पुसावेत, तर समोर बुवा बघत बसलेले.

बाहेर पावलं वाजू लागली. जेवणाची वेळ झाली होती. या मठात घंटा नाही. खोल्या एका ओळीत आहेत, आणि निघताना प्रत्येकाने आपल्या डावीकडच्या खोलीत डोकावून हाक मारायची, त्याला सोबत घेऊन पंगतीला जायचं, अशी इथली रीत. उजवीकडचे यशवंतदादा सुरुवातीला सुकांतला हाक मारत. हा पुस्तकातून मान वर न काढता हातानेच 'नंतर' म्हणे. दादांनी शेवटी नाद सोडला. मग हा पावलांच्या आवाजावर एकटाच जाई, खाली मान घालून जेवी आणि पंगतीला सगळ्यांत शेवटी कोण काठी टेकत येतं हे न पाहताच एकटाच परत येई. डावीकडे मात्र त्याने कधी डोकावून पाहिलं नव्हतं. ती ओळीतली शेवटची खोली. बुवांची. आत्ता तो तिथेच बसला होता.

सुकांत उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी थबकला...

"बुवा," तो म्हणाला, "जेवायला चला."

बुवांनी भिंतीला टेकवलेली काठी हातात घेतली.

"चल बाबा. आज गरम भाकरी खाईन म्हणतो."